सेशन गायिका ते डिस्को स्टार: टीना चार्ल्सच्या उदाहरणातून काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत काही वर्षं कोरस, जिंगल आणि स्क्रॅच (मुख्य गायकाच्या आधी नमुन्यादाखल गाऊन ठेवलेलं गाणं) गाणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: ब्रिटनची टीना चार्ल्स आधी सेशन गायिका, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी पैसे घेऊन गाणारी, होती आणि मग एका डिस्को गाण्यानं जगभर पोचली, तसं आजही होतं का? की सेशन गात राहिलं तर आपण कायमचे मागच्या रांगेतच राहतो? आणि अशी जोरकस गाणी रोज गाऊन गळा बसेल का?

मी आयुष्याचा मोठा भाग मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कोरस गाण्यात आणि नंतर कोरस बसवण्यात घालवला आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही टीना चार्ल्सचं नाव घेतलंत हे बरं झालं. पण तिची गोष्ट सगळीकडे एका ओळीत उरकतात आणि नेमका आपल्या कामाचा भाग त्यात गळून जातो.

टीनाचा जन्म 1954चा, लंडनच्या व्हाइटचॅपलमधला. 1969मध्ये, पंधराव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड आली. त्यात पियानो वाजवणारा एल्टन जॉन तेव्हा कुणाला माहीत नव्हता. रेकॉर्ड चालली नाही. पुढची पाच-सहा वर्षं तिनं मिळेल ते गायलं: टीव्हीवर पाहुणी म्हणून, दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे, आणि 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाच्या स्वस्त एलपींसाठी. या एलपी म्हणजे त्या त्या महिन्यात गाजणारी गाणी दुसऱ्याच गायकांकडून हुबेहूब गाऊन घेऊन कमी पैशांत विकायची योजना होती. कव्हरवर गाणाऱ्याचं नाव नसायचं. खप मात्र एवढा की 1971मध्ये त्यातल्या दोन एलपी ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या, आणि मग स्वस्त एलपींना त्या यादीतून बाहेरच काढलं.

आपल्याकडे 1980च्या दशकात टी-सीरिजनं 'व्हर्जन' कॅसेट काढल्या, तोच हा प्रकार. सोनू निगमची सुरुवातीची ओळख रफीसाहेबांच्या गाण्यांच्या व्हर्जननंच झाली. अशा कामाला नाक मुरडणारे लोक मला कधीच पटले नाहीत. दुसऱ्याचं गाणं हुबेहूब गायचं म्हणजे तो श्वास कुठे घेतो, शब्दाचा शेवट कसा सोडतो, सुरावर थेट बसतो की खालून येतो, हे सगळं कानानं उचलून काही तासांत गळ्यातून काढायचं. गुरूसमोर बसून नक्कल करत शिकण्याइतकंच ते कडक शिक्षण आहे, वर त्याचे पैसेही मिळतात. आठवडाभरात पाच वेगळ्या गायिकांसारखं गाणाऱ्या मुलीला आपला स्वतःचा आवाज कसा आहे हेही लवकर कळतं, कारण नक्कल करताना जे काही केल्या बदलत नाही, ते आपलं असतं.

आता त्या तेरा महिन्यांकडे या. फेब्रुवारी 1975मध्ये स्टीव्ह हार्ली अँड कॉकनी रेबेल यांचं 'मेक मी स्माइल' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात मागे गाणाऱ्या बायकांमध्ये टीना होती. त्याच वर्षी 5000 व्होल्ट्स या ग्रुपचं 'आय ॲम ऑन फायर' हे डिस्को गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यातला मुख्य आवाज टीनाचा, पण टीव्हीवर तोंड हलवायला उभी राहिली लुआन पीटर्स ही अभिनेत्री. आणि मार्च 1976मध्ये 'आय लव्ह टू लव्ह' तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, या वेळी टीनाच्या स्वतःच्या नावानं. मागची रांग, मग पुढचा आवाज पण दुसरीचा चेहरा, मग स्वतःचं नाव. गळा तिन्ही वेळा तोच होता. तिसऱ्या वेळी फरक पडला तो एवढाच की एका निर्मात्यानं तिच्याशी एका गाण्याचा सौदा न करता तिला कलाकार म्हणून करारबद्ध केलं.

तो निर्माता आपल्या बंगळुरूचा: बिद्दू. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला आणि पडेल ते काम करत निर्माता झाला. 1974मध्ये त्यानं कार्ल डग्लस या गायकाला घेऊन एक रेकॉर्ड केली. मुख्य बाजू गाण्यात जवळजवळ सगळा वेळ संपला, आणि दुसऱ्या बाजूसाठी शेवटच्या काही मिनिटांत जे उरकलं ते 'कुंग फू फायटिंग'. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. मला या गोष्टीतलं नशीब फारसं महत्त्वाचं वाटत नाही. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, थकलेल्या गळ्यानं, फारशी तालीम नसताना विकता येईल असा टेक (एका दमात रेकॉर्ड केलेलं गाणं) देणारा गायक तिथे उभा होता, हे महत्त्वाचं. बिद्दूच्या कामाची पद्धतच अशी होती: गेरी शुरी या अरेंजरकडून, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याकडून, तंतुवाद्यांचा भरगच्च साज करून घ्यायचा, ठेका सरळ ठेवायचा, आणि वर असा एक आवाज ठेवायचा जो व्हायोलिनच्या थव्यातूनही आरपार ऐकू येईल. टीनाचा आवाज तसाच आहे: टोकदार, उजळ, वरच्या सुरात न फाटणारा. पाच-सहा वर्षं वेगवेगळ्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या पट्टीत गाऊन तो कसलेला होता.

हाच बिद्दू पुढे 1980मध्ये 'कुर्बानी'साठी लंडनमध्ये 'आप जैसा कोई' करतो आणि पंधरा वर्षांच्या नाझिया हसनला गायला उभी करतो. हेडफोन लावून ते गाणं ऐका. नाझियाचा आवाज एकेरी नाही, एकावर एक बसवलेला आहे, म्हणून तो कोवळा असूनही भरलेला वाटतो. डिस्कोमध्ये आवाज असाच बांधतात. मी नव्या मुलींना हे गाणं ऐकवते, कारण शब्द ओळखीचे असल्यामुळे कान थेट आवाजाकडे जातो.

इथे जरा थांबते, कारण सेशन गायिकेचं खरं कसब या एकावर एक बसवण्यात आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, तेव्हा त्यांचे आवाज थोडे मागेपुढे झाले तरी रंगत वाढते. मायक्रोफोनपुढे तसं चालत नाही. समजा ओळ 'रात' या शब्दावर संपते आणि तुम्ही तिघी आहात. तिघींनी 'त' म्हटला तर तो तीन वेगवेगळ्या क्षणी पडतो आणि ऐकणाऱ्याला 'रात-त-त' असा खडखडाट ऐकू येतो. म्हणून 'त' एकीनंच म्हणायचा, बाकी दोघींनी 'रा'चा आकार तेवढ्याच मात्रेवर नुसता सोडून द्यायचा. ओळीच्या शेवटी 'स' असेल तर आणखी जपायचं. तोच आवाज डबल करताना, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन पहिलीवर बसवताना, दुसऱ्या टेकला व्यंजनं मऊ ठेवायची, श्वास पहिल्या टेकच्याच जागी घ्यायचा, आणि हेडफोनचा एक कान उघडा ठेवून आपला खरा आवाज ऐकत राहायचं. जिचा आवाज जाड आणि मोठा, ती माइकपासून अर्धा पाऊल मागे. यात मानापमान नसतो, पण नव्या मुलींना तो वाटतो.

शास्त्रीय तालीम झालेल्या आपल्या मराठी मुलींची अडचण वेगळीच. त्यांना सूर पक्का असतो, पण सुरावर थेट उतरायची सवय नसते. मींड आपोआप येते, शेवटी आस रेंगाळते. एकटीनं गाताना ते सौंदर्य आहे. तिघींच्या तीन मींडा एकावर एक आल्या की सगळं पुसट होतं. त्यावर उपाय एकच: क्लिक (ठेक्याची टिकटिक) लावून, फक्त 'न' किंवा 'ऊ'वर, सरळ सूर, सरळ शेवट, रोज थोडा वेळ. ज्यांना हे साधतं त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणं येतं, आणि सेशनच्या धंद्यात पुन्हा बोलावणं येणं हीच पत.

आता टीनाच्या गोष्टीचा पुढचा भाग, जो सहसा सांगत नाहीत. 1976 ते 1978 या काळात तिची बरीच गाणी चालली. 'डान्स लिटल लेडी डान्स' आणि 'डॉक्टर लव्ह' ही त्यातली ठळक. मग ब्रिटनमधली लाट ओसरली. तिच्या साथीच्या बँडमध्ये बास वाजवणारा ट्रेव्हर हॉर्न आणि कीबोर्डवरचा जेफ डाउन्स यांनी 1979मध्ये 'बगल्स' म्हणून स्वतःचं गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं. टीना पुढे मधे खंड घेत, रीमिक्समधून आणि युरोपातल्या जुन्या डिस्कोच्या कार्यक्रमांमधून गात राहिली. म्हणजे नावाच्या वरच्या टोकाचा काळ सुमारे तीन वर्षं, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे गाण्याचं काम दशकानुदशकं. सोलो गाणं हे शिखर आणि सेशन ही पायरी, असं चित्र डोक्यात धरून बसलात तर ही उरलेली वर्षं तुम्हाला अपयशासारखी वाटतील. तीच तर व्यवसायाची वर्षं असतात.

ही शिडी नसते याचा आणखी मोठा पुरावा म्हणजे मार्था वॉश. ती सॅन फ्रान्सिस्कोची, चर्चमधल्या गॉस्पेलवर वाढलेली. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ती आणि इझोरा ऱ्होड्स या दोघी सिल्व्हेस्टर या डिस्को गायकाच्या मागे गायच्या. त्याच्या 1978च्या गाण्यांमधला मागच्या आवाजांचा भरणा त्या दोघींचा आहे. मग 'द वेदर गर्ल्स' या नावानं 1982मध्ये त्यांचं 'इट्स रेनिंग मेन' आलं. हे गाणं आधी डोना समर, डायना रॉस, शेर आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांच्याकडे गेलं होतं आणि सगळ्यांनी नाकारलं होतं. म्हणजे मार्था आधी मागे, मग पुढे. आणि त्यानंतर पुन्हा सेशनला. 1990च्या आसपास ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपच्या अल्बममधली बरीच गाणी तिनं गायली आणि पडद्यावर एक मॉडेल तोंड हलवत राहिली. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं 'गॉना मेक यू स्वेट' 1991मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातला तो गाजलेला स्त्रीस्वर मार्थाचा, व्हिडिओत चेहरा झेल्मा डेव्हिसचा. मार्थानं डेमो (नमुना) म्हणून ठरावीक पैशांत गायलेला आवाज थेट बाजारात आला होता.

मार्था कोर्टात गेली. एका कंपनीशी तडजोड होऊन तिला स्वतःचा रेकॉर्डिंग करार मिळाला. दुसऱ्या प्रकरणात 1994मध्ये तडजोड झाली आणि कंपनीनं एमटीव्हीला सांगितलं की व्हिडिओवर आवाज मार्था वॉशचा आणि दृश्य सादरीकरण झेल्मा डेव्हिसचं, अशी पाटी द्या. त्या पाटीसाठी ती बाई लढली याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यानंतर गाणाऱ्याचं नाव लिहिण्याबाबत अमेरिकेतल्या कंपन्या सावध झाल्या.

असं डिस्कोच्याच बायकांच्या बाबतीत इतकं का घडलं, याचं कारण संगीतात आहे. डिस्कोच्या बारा इंची रेकॉर्डवर गाणी लांब असायची. मधे साज गळून फक्त ड्रम आणि आवाज उरायचा, आणि गायिका तिथे मोकळी सुटून गायची. दहा वर्षांनी सॅम्पलर (रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात वाजवणारं यंत्र) आला तेव्हा कापायला सगळ्यात सोपा तुकडा हाच होता. लोलिएटा हॉलोवेचा 1980च्या 'लव्ह सेन्सेशन'मधला आवाज असाच कापून ब्लॅक बॉक्सनं 1989मध्ये 'राइड ऑन टाइम' केलं आणि ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जोसलिन ब्राउनच्या एका ओळीवर स्नॅपचं 'द पॉवर' उभं आहे. आज तुमचा एकटा आवाज वेगळी फाइल म्हणून हार्ड डिस्कवर पडलेला असतो. कापायलासुद्धा लागत नाही, आणि आता त्यावर मशीनला तुमच्यासारखं गायला शिकवताही येतं.

म्हणून तुमच्या 'अडकून पडेन का' या प्रश्नाचं माझं उत्तर असं की सेशनमुळे कुणी अडकत नाही, कागद नसल्यामुळे अडकतं. आणि आपल्याकडे या कागदाला कायद्यातही वजन आहे. 2012मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलाकाराला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. त्यानंतर 2013मध्ये गायकांची हक्क संस्था उभी राहिली. पण त्याच दुरुस्तीत 'कलाकार' या व्याख्येला एक शेपूट जोडलं आहे: चित्रपटात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, त्याला कलाकार धरलं जाणार नाही, अपवाद फक्त त्याच्या सादरीकरणाची मोडतोड थांबवण्याच्या हक्काचा. कोरसमधल्या प्रत्येकीनं हे वाक्य पुन्हा वाचावं. नाव देण्याचा रिवाज नाही म्हणून आपण गप्प बसलो, तर तोच रिवाज आपल्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. नाव मागणं ही हौस नाही. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या पैशांतले पाच टक्के मागच्या वादक-गायकांसाठी कायद्यानंच बाजूला काढलेले असतात. ते पोचतात कुणाला, तर सेशनच्या नोंदीत ज्यांचं नाव आहे त्यांना.

व्यवहारात एवढं करा. बूथमध्ये जाण्याआधी, व्हॉट्सॲपवर का होईना, एक संदेश पाठवा: गाण्याचं तात्पुरतं नाव, तारीख, तुम्ही काय गाताय (स्क्रॅच, कोरस, हार्मनी की मुख्य आवाज), किती पैसे, आणि 'स्क्रॅच अंतिम गाण्यात ठेवायचा झाल्यास वेगळं मानधन आणि श्रेय'. उत्तर 'ओके' आलं तरी पुरे, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. जिंगल असेल तर किती काळासाठी आणि कुठल्या माध्यमांत, हे त्यातच विचारा. आता त्यात आणखी एक ओळ हवी: या आवाजावरून कृत्रिम आवाज बनवायचा नाही. मी हे सांगते तेव्हा मुली म्हणतात, 'ताई, असं विचारलं तर पुन्हा बोलावणार नाहीत.' माझा अनुभव असा की चांगली माणसं विचारल्यावर चिडत नाहीत. बहुतेक वेळा त्यांना हे सुचलेलंच नसतं. जे चिडतात त्यांच्याकडे तुमचा स्क्रॅच पडून राहणं हाच धोका.

स्क्रॅच गायला नाही म्हणू नका. संगीतकार, रेकॉर्डिस्ट, अरेंजर सगळे तो आठवडेच्या आठवडे ऐकत असतात, तुमच्या आवाजाची त्याहून चांगली जाहिरात नाही. फक्त दर वेळी तो अंतिम आहे असं समजून गा, कारण मार्था वॉशच्या बाबतीत तो अंतिमच ठरला. आणि सोबत वर्षाकाठी दोन-तीन गाणी स्वतःच्या नावानं करा, लहान का होईनात. बिद्दूसारखा कुणी शोधत आला तर त्याला तुमचं नाव आणि आवाज एका ठिकाणी सापडला पाहिजे.

राहिला गळा. डिस्कोचा ठेका मिनिटाला साधारण 110 ते 130 ठोक्यांचा असतो आणि हुक (गाण्यातली लक्षात राहणारी ओळ) सतत वरच्या सुरात फिरतो. गळा थकवतो तो हेडफोनमधला गोंगाट. साज मोठा असला की आपण नकळत ओरडतो. म्हणून रेकॉर्डिस्टला आधी साज कमी करायला सांगा, तुमचा आवाज वाढवायला नव्हे. तार सप्तकात छातीचा आवाज ढकलत नेऊ नका, तिथे तो हलका करून पुढे, चेहऱ्यात आणा. माइकवर तो तेवढाच मोठा वाटतो. सेशनआधी साध्या स्ट्रॉमधून गुणगुणत दहा मिनिटं सूर खालीवर फिरवा. दुपारच्या जेवणानंतर लगेच वरच्या पट्टीचे टेक लागणार असतील तर हार्मनीचे खालचे भाग आधी उरका, कुणी हरकत घेत नाही. ओळ पाठ होईपर्यंत अर्ध्या आवाजात म्हणा. हे सगळं पाळूनही आवाज दोन आठवडे घोगराच राहिला तर काढे आणि गुळण्या थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि स्वरतंतू दुर्बिणीनं तपासून घ्या. रोज गाणाऱ्यानं त्याहून जास्त थांबू नये, आणि अहवाल येईपर्यंत कुठल्याही कामाची तारीख देऊ नये.